अर्जाची स्वच्छ प्रत

बँकेच्या कार्डाची वार्षिक फी दोनशे रुपये, आणि त्यावरचा कर धरून दोनशे छत्तीस. ही रक्कम न विचारता कापली जाते, म्हणून ती परत मागावी, असे मी पत्नीला दरवर्षी समजावून सांगत असे. मी पस्तीस वर्षे गणित शिकवले. घरातही तोच स्वभाव. कार्ड तिचे होते. तिच्या गुडघ्याच्या शस्त्रक्रियेसाठी जमवलेले पैसे त्याच खात्यात होते आणि रुग्णालयाने पुढच्या महिन्याची तारीख दिली होती.

त्या सकाळी हिंदी मुलखातल्या आमच्या तात्यापारा मोहल्ल्यातल्या घरी फोन आला. ती आनंदाने सांगत आली, "अहो, फी वापस येऊन राहिली म्हणे. मी कार्डावरचे आकडे सांगितले, मोबाइलवर आलेला नंबरही सांगितला. तुम्ही नेहमी भांडता न त्यांच्याशी, आज मीच जिंकले!"

तेवढ्यात संदेश वाजला. एकोणीस हजार गेले होते. घड्याळात अकरा वाजून चाळीस मिनिटे झाली होती.

मी घाबरलो नाही, हेच माझे चुकले. तक्रार लेखी असावी, तिची पोच घ्यावी, हे मी आयुष्यभर शिकवले होते. मी टेबलाशी बसलो, हिंदीत कच्चा मसुदा केला, समास आखला. तिसऱ्या ओळीत खाडाखोड झाली, म्हणून नवा कागद घेतला. खाली कार्बन ठेवला.

"फोन लावून पाहा न आधी," ती म्हणाली.

"तोंडी तक्रारीला पुरावा नसतो," मी म्हणालो.

एक वाजून दहा मिनिटांनी बँकेत शिक्का बसला. अधिकारी मुलगी संगणकाकडे पाहत म्हणाली, "अंकलजी, बारह पच्चीस पर एक और गया है। अड़तालीस हज़ार। विदेशी साइट है, वहाँ ओटीपी नहीं लगता।"

मग तिने कार्ड उलटे करून मागे छापलेला क्रमांक दाखवला. "यहाँ फोन कर देते, तो दो मिनट में बंद हो जाता।"

नियम सोपा आहे, म्हणून सांगून ठेवतो. गुप्त आकडे आपणच सांगितले असतील, तर बँकेला कळवेपर्यंतचे नुकसान आपले, कळवल्यानंतरचे बँकेचे. बारा पंचविसाला मी शेवटचा परिच्छेद सुवाच्य करत होतो. 'कार्ड तत्काल बंद किया जाए', हे वाक्य त्याच परिच्छेदात आहे.

बाहेर पायरीवर ती टेकली. "तुम्हाले काय बोलू? आकडे तर मीच सांगितले," एवढेच म्हणाली. मी तिला दुजोरा दिला नाही आणि खोडूनही काढले नाही.

शस्त्रक्रियेची तारीख आम्ही सोडली. नवी घेतलेली नाही.

गेल्या आठवड्यात नव्या कार्डाची फी कापली गेली. ती भिंतीला हात लावत, एकेक पाऊल टाकत माझ्या टेबलापर्यंत आली आणि मोबाइल समोर ठेवून उभी राहिली. दोनशे छत्तीस. मी कागद घेतला नाही. खुर्ची तिच्याकडे सरकवली.