पाळण्यातली सोलर प्लेट

"अरं, हे माझ्याकडंच बघून राहिलंय!" देगलूरच्या आमच्या गच्चीवर आई ओरडत होती आणि कुरडयांची रिकामी स्टीलची परात ढालीसारखी समोर धरून कठड्याकडं सरकत होती. मी माझ्याच लहानपणच्या लोखंडी पाळण्यात वडिलांच्या शेतातल्या पंपाची सोलर प्लेट बसवली होती, तिला भंगारातल्या जीपची वायपर मोटर जोडली होती आणि सूर्यामागं वळायला उजेड ओळखणारे दोन डोळे लावले होते. असं यंत्र अमेरिकेतही न्हाई, हे अर्ध्या तालुक्याला सांगून झालं होतं. आता ते सूर्य सोडून आईवर झुकत होतं, पाळण्याचे मागचे पाय उचलले गेले होते आणि मोटर बंद करायचं बटण मी बसवलंच नव्हतं. पाळण्याला लोंबकळलो, तरी तो मलाही घेऊन वाकला. तेवढ्यात परातीतलं ऊन माझ्या डोळ्यांत चमकलं. "आई, परात पदराखाली घे!" तिनं घेतली, तशी प्लेट कण्हत पुन्हा आभाळाकडं वळली. जिन्यात उभ्या वडिलांना मी भीतभीतच विचारलं, "आता शेतात बसवू का?" ते म्हणाले, "बसव. तिथं परात न्हाई."