आबांची कूस आणि माझी विजेची बेल

माझ्या सासऱ्यांची कूस बदलण्याचं काम मी आणि माझ्या जाऊबाईंनी तीन आठवडे अत्यंत नियमितपणे केलं, आणि त्या तीन आठवड्यांत ते एकदाही कुशीवर झाले नाहीत.

ही गोष्ट असोद्याची, एकोणसत्तर-सत्तरच्या सुमाराची. मी तेव्हा पंचविशीची, जळगावात मॅट्रिक झालेली, आणि घरातली एकमेव शिकलेली सून (हे मी दिवसातून चार वेळा कुणाला ना कुणाला ऐकवत असे). आबांना, म्हणजे सासऱ्यांना, अर्धांगवायूचा झटका आला आणि उजवी बाजू गेली. वाचा शाबूत होती, पण तिचा उपयोग काय? आमच्याकडे सासरा सुनेशी बोलत नसे आणि सून सासऱ्यासमोर आवाज काढत नसे. वर पदर हनुवटीपर्यंत! मधली सगळी बोलणी सासूबाई करत, आणि त्या आदल्या वर्षी गेल्या. तेव्हापासून आबा नुसते खाकरत. एकदा खाकरले की पाणी, दोनदा खाकरले की चहा. सात वर्षं मी त्या घरात नांदत होते आणि त्या माणसाची फक्त पावलं ओळखत होते. आज आठवलं की डोकं फिरतं. तेव्हा मात्र मला ते फार खानदानी वाटायचं!

जळगावहून डॉक्टर आले. ओट्यावर उभे राहून त्यांनी दम भरला, "दर दोन तासांनी यांची कूस बदलायची. नाहीतर पाठीला जखम होईल, आणि या वयात ती जखम माणसाला घेऊनच जाते. समजलं?"

डॉक्टर गेल्यावर मी नवऱ्याला गाठलं. "तुम्ही दोघं भाऊ आळीपाळीनं घरी थांबा."

"केळीला पाणी कोण देईल?"

"आणि बापाला?"

"अगं, तुम्ही दोघी आहात ना!"

असा संताप आला म्हणता! पण संतापाचं काय करावं हे मॅट्रिकला शिकवलेलं नव्हतं, म्हणून मी त्याची सुधारणा केली. सासऱ्यांचं खाकरणं आता स्वयंपाकघरापर्यंत पोचत नव्हतं. मी मळ्यातल्या मोटरीच्या वायरमनला बोलावलं आणि विजेची बेल बसवून घेतली. बटण आबांच्या डाव्या हाताशी, बेल चुलीच्या वर. शाळा सुटल्यासारखी वाजे मेली! पहिल्या दिवशी म्हशीनं दूधच चोरलं.

मग मी नियम केले. एकदा वाजली की पाणी. दोनदा, चहा. तीनदा, कूस. आबांना हे समजावायचं काम नवऱ्याकडे दिलं, आणि ते त्यांनी मळ्यात जायच्या घाईत, पायात चप्पल अडकवता अडकवता उरकलं. शिवाय भिंतीला एक पाटी टांगली. कूस बदलली की तिच्यावर मी खडूनं लिहिणार : डावी, उजवी, डावी, उजवी. शेजारपाजारच्या बायका ती पाटी बघून जात. (वाचता एकीलाही येत नव्हतं, म्हणून मीच वाचून दाखवायची.)

आता आबांचा डावा हात. तो गेलेला नव्हता, पण थरथरायचा. त्यांनी पाण्यासाठी एकदा बोट टेकवलं की बेल वाजायची तीनदा!

आत आमचं सुरू.

"सुमन, तुनी बेल वाजी राहिनी." या माझ्या थोरल्या जाऊबाई, अक्का, धुळ्याकडच्या.

"माझी कशी? दोघींची आहे!"

"मना हात पीठमा शेतस."

"धुवा! तीनदा वाजली, म्हणजे कूस. कुशीला दोघी लागतात!"

"हाई बेल शे का भूत शे?" असं म्हणत अक्का हात धुवायच्या, आणि आम्ही दोघी हनुवटीपर्यंत पदर ओढून आत जायचो. खाट खोलीच्या मधोमध. मी खाटेच्या एका अंगाला, अक्का दुसऱ्या अंगाला. पदराखालून दिसायची ती फक्त आपापली पायाची बोटं. बोलायची सोय नाही. मी बांगड्या वाजवून इशारा करायची आणि ढकलायची. माझ्या शिक्षणानुसार माणसाला ओढलं तर खांदा निखळतो, म्हणून अक्कांना आधीच बजावलं होतं, "ओढायचं नाही, ढकलायचं." कुणी कुठल्या बाजूला, हे सांगायची गरज मला वाटली नव्हती. मला माहीत होतं ना!

मी इकडून ढकलायची. अक्का तिकडून ढकलायच्या. रोज ढीगभर भाकऱ्या थापून दोघींचे दंड सारखेच तयार झालेले. मला वाटायचं, आबा भलतेच जड. अक्कांनाही तेच वाटायचं. आम्ही घामाघूम होऊन बाहेर यायचो आणि मी पाटीवर लिहायची, 'डावी'.

तहानलेले आबा पुन्हा बटण दाबायचे. आम्ही पुन्हा आत!

संध्याकाळी आमचे हे मळ्यातून येत, पाटी बघत आणि "वा!" म्हणत. आबांना विचारलं तर ते म्हणत, "सुना लय मेहनत घेतात." एवढंच. वीज गेली की मात्र ते दिवसभर शांत झोपत, आणि मी वीज मंडळाच्या नावानं बोटं मोडत बसे.

तीन आठवड्यांनी डॉक्टर पुन्हा आले. मी दाराआडून अभिमानानं पाटी पुढे सरकवली. त्यांनी ती वाचली, आबांना उचलून पाठ बघितली आणि असे ओरडले की रस्त्यावरची माणसं थांबली.

"रुपयाएवढी जखम आहे! कूस पाटीची बदललीत की पेशंटची? करून दाखवा. आत्ता!"

आम्ही दोघी गेलो. बांगड्या वाजल्या. ढकललं. डॉक्टर खाटेच्या पायथ्याशी वाकून बघू लागले. मी आणखी जोर केला. आबांच्या तोंडून एक बारीक "हं" निघालं.

"बायांनो," डॉक्टर म्हणाले, "तुम्ही म्हाताऱ्याला दाबून मारताय."

झालं! सासऱ्यांसमोर आहोत हेही मी विसरले. "अक्का, तुम्ही कुठे ढकलता?"

"तुनाकडे! तू कोठे?"

"तुमच्याकडे!"

"मंग बठ्ठा दोष मना शे का?"

"बस करा!"

हा आवाज मला ओळखूच आला नाही. आबा बोलत होते. आमच्याशी!

"मले वाटलं, डाक्टरनं सांगलेली मालिश हाये! मले तहान लागे, मी बटन दाबे, अन् ह्या दोघी येऊन मले दाबत. मी म्हणे, पान्याआधी मालिश घ्या लागत असंन! तीन हप्ते! अरे, मी मुका हाये का? एकीनं तरी इचारलं का, आबा, काय पाह्यजे? पदर वर करा. दोघी. आधी पदर वर करा!"

आम्ही पदर वर केले. सात वर्षांत पहिल्यांदा मी त्यांचा चेहरा जवळून पाहिला. गालफडं बसलेली, ओठ कोरडे, आणि डोळ्यांत पाणी. मी तांब्या आणला. ते एका दमात अर्धा तांब्या प्यायले, आणि मला माझ्या बेलीचा, पाटीचा, मॅट्रिकचा इतका राग आला की ती पाटी मी अंगणात भिरकावली. (ती फुटली नाही. तेवढंही मला धड जमलं नाही.)

त्या दिवसापासून आबाच हुकूम सोडू लागले. "सुमन, तू ओढ. अक्का, तू पाठ धर. हां, आता उशी लाव." दर दोन तासांनी, न चुकता. बेल काढून टाकली. दीड महिन्यात जखम भरली. डॉक्टरांनी पाठीवर हात फिरवून बघितलं, आणि मी दाराआड उभी राहून रडले.

आबा त्यानंतर चार वर्षं जगले आणि चारही वर्षं बोलले. जखम भरली त्या दुपारी मी त्यांना भरवत होते. ते सावकाश चावत म्हणाले, "सुमन, एक सांगू? तुले भाजी येत नाही."

"आबा! मग सात वर्षं खाल्लीत कशी?"

"कुठं खाल्ली? दुपारचा मी शेजारच्या मळ्यात जेवे."

आणि मी माहेरी सगळ्यांना सांगत असे, आमचे सासरे इतके कष्टाळू, की दुपारच्या जेवणालासुद्धा घरी येत नाहीत!