बिननावाची चित्रं

कॉर्लिस व्हँडिव्हर यांचं नाव काढलं की हॅम्लिन फोर्कमधला माणूस आधी पाठ ताठ करतो आणि मग बोलायला लागतो. अर्ध्या गावाला त्यांनी चित्रकला शिकवली, आणि चित्रकलेच्याही आधी सरळ बसायला शिकवलं. टेनेसीच्या या डोंगरी कोपऱ्यात ताठ बसणारी माणसं आहेत ती बहुतेक त्यांच्यामुळेच.

त्यांचे वडील एमेट व्हँडिव्हर पाट्या रंगवायचे. तंबाखूची कोठारं, पेंडीची दुकानं, चर्चचे फलक, काहीही. आणि प्रत्येक पाटीच्या कोपऱ्यात स्वतःचं नाव ठोकून द्यायचे. एकदा बाप्तिस्ट चर्चच्या फलकावर हे नाव पाद्रीबाबांच्या नावापेक्षा ठळक उमटलं. गाव महिनाभर हसलं. एमेटही हसले, पण शाळकरी कॉर्लिसला मात्र मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्या दिवसापासून तिने आपल्या कुठल्याच चित्रावर नाव घातलं नाही.

पुढे ती अटलांटाला कलेच्या कॉलेजात गेली. तिथल्या प्राध्यापकांनी पहिल्याच दिवशी सांगितलं, "मनात येईल ते काढा." कॉर्लिस म्हणाली, "मनात पुष्कळ येतं हो, पण मला अजून धड हात काढता येत नाही. तो कसा काढायचा ते शिकवा." प्राध्यापक हसले. दोन वर्षं तिने वाट पाहिली. हात काढायला काही कोणी शिकवलं नाही. शेवटी ती गावी परतली आणि फ्रेमा बनवणाऱ्या दुकानात लागली. दुसऱ्यांची चित्रं काचेखाली बसवण्यात तिची उमेदीची वर्षं गेली. लग्न राहिलं ते राहिलंच.

मग गावातल्या काही आईबापांनी प्रेस्बिटेरियन चर्चच्या तळघरात शाळा काढली. जुन्या वळणाची ख्रिस्ती शाळा. पहिलीपासून लॅटिनचे पाठ, थोडं मोठं झाल्यावर तर्कशास्त्र, आणि गळा असो वा नसो, प्रत्येक मुलाने समूहगानाच्या चार सुरांपैकी एका सुरात गायचंच. मुख्याध्यापक अॅम्ब्रोज किलियन फ्रेमच्या दुकानात आले आणि म्हणाले, "आमच्याकडे मुलं आधी नक्कल करतात, मग त्यांना समजतं, आणि मग ती स्वतःचं बोलतात. चित्रकलेला असं कोणी मिळेल का?" कॉर्लिसबाईंच्या डोळ्यांत पाणीच आलं. आयुष्यभर हेच तर कोणाच्या तरी तोंडून ऐकायचं होतं.

झालं, बाई मिस कॉर्लिस झाल्या. तीन वर्षं नुसत्या रेघा, मग गोल, मग छाया, आणि सातवीत कुठल्या तरी जुन्या उस्तादाचं एक चित्र घेऊन अख्खं वर्षभर त्याचीच नक्कल. सगळ्या वर्गाला एकच चित्र. कागदावर नाव घालायचं नाही, मागेही नाही, पुढेही नाही. कोणी कुरकुर केली की बाईंचं वाक्य ठरलेलं: "देवाने डोंगरावर सही केलीय का?" मधल्या सुट्टीत पोरं बाईंसारखी मान ताठ करून एकमेकांना हेच ऐकवायची आणि खिदळायची.

एप्रिलमध्ये प्रदर्शन भरायचं. आजी-आजोबा यायचे, चीज सँडविच आणि थंड गोड चहा व्हायचा, आणि भिंतीच्या कडेने बाई एखाद्या राणीसारख्या फिरायच्या. "हे तुमच्या हॅडनचं. हे जोसियाचं. मला नावं कशाला लागतात? मी हात ओळखते." आईबाप थक्क व्हायचे. मुलं मात्र कधीकधी एकमेकांकडे बघून डोळे मिचकावायची. पण मिस कॉर्लिसना खोडून काढायची छाती कोणाची?

एका वर्षी सातवीला चित्र होतं एक मातीची सुरई, दोन नासपती आणि घडी घातलेलं फडकं. वर्गात व्हेरिटी ओगल नावाची मुलगी होती. बारीक, नाकावर वांग, बोलायला चुरुचुरु. फेब्रुवारीत बाई तिच्या बाकापाशी थांबल्या. एका नासपतीवर मुंगी चढत होती. इतकी हुबेहूब, की बाईंनी आधी ती झटकायला बोट पुढे केलं.

"हे काय?"

"मुंगी, मिस कॉर्लिस."

"उस्तादाच्या चित्रात मुंगी आहे?"

"नाही. पण नासपती असं उघड्यावर ठेवलं की येतेच ना. आमच्याकडे तर लगेच येते."

वर्ग फिस्सकन हसला. बाईंनाही हसू आलं होतं, पण त्यांनी ते गिळलं. "स्वतःचं काढायला अख्खं आयुष्य पडलंय, व्हेरिटी. आत्ता नक्कल." त्यांनी तो कागद काढून घेतला, फाडला, आणि तिच्यापुढे कोरा ठेवला. मुलगी रडली नाही की रुसली नाही. पुन्हा सुरईपासून सुरुवात केली.

मार्चअखेर चित्रं पुरी झाली. ईस्टरच्या तोंडावर व्हेरिटीला ताप आला. आधी सगळ्यांना साधा वाटला, पण तो मेंदूत गेला आणि आठवडाभरात मुलगी संपली. कफनपेटीजवळ सगळी शाळा चार सुरांत गायली. गावातल्या बायकांनी ओगलांच्या घरी जेवणाची इतकी झाकलेली भांडी पोचवली की फ्रिजचं दार लागेना.

व्हेरिटीची आई रोनेल पेंडीच्या दुकानात गल्ल्यावर बसायची. नवरा केव्हाचाच दुसरीकडे गेलेला. व्हेरिटी एकुलती एक. प्रदर्शनाच्या आठवड्यात ती दुकानातल्या कपड्यांतच शाळेत आली आणि भिंतीसमोर उभी राहिली. भिंतीवर ओळीने सुरया, ओळीने नासपती.

"मिस कॉर्लिस, तिचं चित्र मिळेल का?"

"अगं, मिळेल का काय विचारतेस? तुझंच आहे ते."

आणि बाई भिंतीकडे वळल्या. या टोकापासून त्या टोकापर्यंत गेल्या, परत आल्या. व्हेरिटीचं कुठलं, ते काही कळेना. सगळी चित्रं एका हातची वाटत होती आणि तो हात त्यांचाच होता. हेच तर त्यांनी इतकी वर्षं साधलं होतं. मागे रोनेल उभी होती, पर्स दोन्ही हातांनी पोटाशी धरून.

'मला माहीत नाही' हे तीन शब्द. बाईंच्या तोंडून ते आयुष्यात कधी निघाले नव्हते आणि त्या दिवशीही निघाले नाहीत. त्यांनी सगळ्यांत चांगलं चित्र हेरलं. गेलेल्या लेकराला सगळ्यांत चांगलंच शोभेल, अशी मनाची समजूत घातली. खिडकीजवळचं चित्र उतरवलं आणि म्हणाल्या, "हे बघ. डोळे मिटून ओळखीन मी हा हात."

रोनेलने चित्राकडे बघितलं, मग बाईंकडे. "नक्की ना?"

"अगं, नक्की म्हणजे काय!"

रोनेलने ते छातीशी धरलं आणि ती गेली.

सोमवारी लेटी ब्रॅम्लेट बाईंच्या टेबलापाशी येऊन उभी राहिली. व्हेरिटीच्याच वर्गातली, जाड चष्म्याची, कधी वर मान न करणारी मुलगी. "मिस कॉर्लिस, माझं चित्र कोणी नेलं?"

"कुठलं तुझं?"

"खिडकीजवळचं. सुरईचा कान छान जमलाय असं तुम्हीच म्हणाला होतात."

बाईंनी अख्ख्या सातवीला प्रदर्शनाच्या दालनात नेलं आणि सांगितलं, "ज्याने त्याने आपापल्या चित्राखाली उभं राहा." पोरं धावली. कोणी क्षणभरही थांबलं नाही, कोणी कोणाशी भांडलं नाही. पटापट सगळे उभे राहिले, लेटी खिडकीजवळच्या रिकाम्या खिळ्याखाली. एका चित्राखाली जागा रिकामी राहिली. त्यातली सुरई जराशी कलली होती, जशी काही ऐकायला वाकलीय.

"ते व्हेरिटीचं," लेटी म्हणाली.

"तुला कसं माहीत?"

"म्हणजे काय? तिचंच आहे ना ते!" सगळी मुलं बाईंकडे आश्चर्याने बघायला लागली. "ती कागद तिरका धरायची, मिस कॉर्लिस. तिच्या सगळ्याच सुरया कलायच्या."

काखेत कळसा आणि गावाला वळसा. पोरांना विचारलं असतं तर त्यांनी एका मिनिटात सांगितलं असतं. पण मास्तरणीने पोरांना विचारायचं? ही बाईंची रीतच नव्हती. बाईंनी लेटीला बाजूला घेऊन खरं काय ते सांगितलं. तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "माझं राहू दे त्यांच्याकडे. मी माझ्या आईला काही सांगणार नाही." बाईंना तिच्यापुढे मान वर करवेना.

त्या किलियनांकडे गेल्या. ते म्हणाले, "आईच्या मनाला शांती मिळालीय. आता कशाला ढवळायचं?" हा सल्ला बाईंना गोड लागला, कारण तो सोयीचा होता. खरं चित्र त्यांनी कपाटात ठेवलं. आज जाऊ, उद्या जाऊ करत उन्हाळा सरत आला. चर्चमध्ये रोनेल पुढच्या बाकावर दिसली की त्या मागून निघून जायच्या. बायबल उघडलं की सगळीकडे तीच दिसायची. सत्य, शिव, सुंदर हे शब्द शाळेच्या दारावर लिहिलेले होते आणि सुट्टीतही बाईंना रोज त्या दारावरूनच जावं लागे. शेवटी ऑगस्टमध्ये, शाळा उघडायच्या आधी, त्यांनी चित्र गाडीत घातलं आणि ओढ्याकाठच्या ओगलांच्या घरी गेल्या.

रोनेल पडवीत घेवडा सोलत बसली होती. "या मिस कॉर्लिस, चहा देते. बर्फ घालू ना?"

"आधी बस तू," बाई म्हणाल्या. आत दारातूनच दिसत होतं, पियानोच्या वर, चांगल्या लाकडी फ्रेममध्ये, लेटीचं चित्र. बाईंनी हातातलं चित्र टेबलावर ठेवलं. "रोनेल, हे तिचं आहे. ते आत लावलंयस, ते तिचं नाही. मला ओळखता आलं नाही आणि तसं सांगायची लाज वाटली. मी खोटं बोलले."

रोनेलने हात पदराला पुसावा तसा ॲप्रनला पुसला आणि चित्र जवळ ओढलं. कललेल्या सुरईवर बोट ठेवलं.

"मला सांगितलं होतं तिने," ती म्हणाली. "ताप यायच्या आधी. म्हणाली, आई, माझं लगेच ओळखशील, माझी सुरई पडायला आलीय. मी त्या दिवशी भिंतीवर हीच बघितली होती."

"मग बोलली का नाहीस गं?"

"तुम्ही म्हणालात ना, डोळे मिटून ओळखीन. तुम्ही शिकलेल्या. मी गल्ल्यावर बसणारी, मी काय बोलणार तुमच्यापुढे?" तिचा आवाज चढला नाही, चढला असता तर बरं झालं असतं. "मला वाटलं, तिलाच आठवलं नसेल नीट. नाहीतर गंमत केली असेल माझी. चार महिने मी त्या पोरीचं म्हणणं खोटं धरलं, मिस कॉर्लिस. आणि ती सांगायला नाही."

बाईंचे डोळे वाहायला लागले. त्यांनी पुसले नाहीत. माफी मागायला तोंड उघडलं, पण मागायची तरी किती, हे कळेना.

रोनेलने चित्र मांडीवर घेतलं. "एक विचारू? आता तरी खरं सांगाल ना?"

"सांगेन."

"चांगली काढायची का हो ती?"

मिस कॉर्लिसनी कललेल्या सुरईकडे पाहिलं. मग प्रथमच ते तीन शब्द त्यांच्या तोंडून निघाले.

"मला माहीत नाही," त्या म्हणाल्या. "एकदाच तिने स्वतःचं काहीतरी काढलं होतं, आणि ते मी फाडलं."