लिंबू पिळलेलं पीठ

कामरगावच्या आठवडी बाजारात भाजी घेऊन बसणाऱ्या बायांमध्ये आवडाबाई सगळ्यांत तुटक बोलणारी. मेथीची जुडी कोणी फार उलटसुलट करून पाहिली, की ती जुडी हातातून काढून घ्यायची. "घ्याची नसन तर ठेवा." तरी बायका तिच्यापाशी थांबत. एक तर भाजी ताजी असे, आणि दुसरं म्हणजे तिचं पीठ.

पीठ साधंच. हरभऱ्याची डाळ बारीक दळलेली, त्यात घरची हळद, तीही चिमूटभर. भेंडी तोडून तोडून तिचे हात कोपरापर्यंत लाल व्हायचे आणि खाजवून कातडी फाटायची. दुकानातल्या मलमानं आगच वाढली. शेवटी तिनं साबण सोडला, हे पीठ दह्यात कालवून हात धुवायला लागली, वरून खोबरेल तेल. दोन महिन्यांत हात माणसासारखे झाले. ते पाहून बाया मागायला लागल्या आणि ती कागदात बांधून द्यायला लागली. देतानाही दम असायचाच. "पयले कोपराच्या आत लावून पाहा. एक दिवस थांबा. आग झाली तर धुवा अन् पुन्हा लावू नोका."

तिचा नवरा शालिग्राम आणि त्याचा मोठा भाऊ यांची वावरं एकाच धुऱ्याला, म्हणजे बांधाला लागून. विहीर सामाईक. पाण्याच्या पाळीवरून आठ वर्षं भांडण चाललेलं, त्यामुळे आवडाबाई आणि तिची मोठी जाऊ रुख्मिणी एकमेकींशी बोलत नव्हत्या. अशात एका दुपारी रुख्मिणीची मुलगी योगिनी धुरा ओलांडून आली.

"काकू, ऐतवारी पाहुणे येऊन राह्यले मले पाहाले. तोंडावर पुटकुळ्या आल्या. तुमचं पीठ देता काय?"

"तुह्या मायले विचारलं?"

"नाही."

"मंग जाय घरी."

योगिनी हलली नाही. भांडणाच्या आधी याच पोरीला आवडाबाईनं कडेवर घेऊन भेंडी तोडली होती. शेवटी तिनं पुडी बांधली. "चार दिवसांत काही होत नसते, महिना लागते. घाई करू नोको," एवढं बजावून दिलं.

पाहुणे यायच्या आदल्या दिवशी बाजार होता. आवडाबाई नुकती भाजी मांडून बसली होती, तेवढ्यात रुख्मिणी हातात वाटी घेऊन समोर उभी राहिली.

"आवडे, माह्या पोरीचं तोंड जाळलं तुनं. गाल सोलून निंगाले तिचे. सोयरिक मोडाची होती काय तुले?"

आणि वाटीत उरलेलं कालवलेलं पीठ तिनं मेथीच्या ढिगावर उलटं केलं.

आसपासच्या बाया उठून उभ्या राहिल्या. आवडाबाईनं जुडीवरचं पीठ बोटावर घेतलं आणि हुंगलं. "याच्यात लिंबू हाय. मी कोणाले लिंबू देत नाही."

"आता लिंबाचं नाव सांगून राह्यली. पाह्यलं काय बायाहो, पाण्याचा राग पोरीच्या तोंडावर काढला हिनं."

"पोरीले कारंज्याले दवाखान्यात न्या. उन्हात फिरू देऊ नोका."

"तू शिकवू नोको मले."

"मंग बाजूले सरका. गिऱ्हाईक खोळंबलं."

गिऱ्हाईक कोणीच नव्हतं. त्या दिवशी नव्हतं आणि पुढच्या बाजारालाही नव्हतं. बाया दुरून वळून जात. वर्षभर पीठ नेणारी लिलाबाई तर तिला ऐकू जाईल अशा बेतानं म्हणाली, "मी तं उकिरड्यावर फेकलं बाप्पा." आवडाबाईनं घरी जाऊन डब्यातलं सगळं पीठ म्हशीच्या ढेपेत ओतलं.

शालिग्राम म्हणाला, "वयनीची माफी मागून टाक. विषय संपन."

"काय केलं मी?"

"काही नाही केलं. तरी."

त्यानंतर दोन दिवस तिनं नवऱ्याचं ताट वाढलं की सरळ वावर गाठलं.

तिसऱ्या दिवशी योगिनी वावरात आली. ओढणीनं तोंड गुंडाळलेलं. दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी खोदून विचारलं, तेव्हा तिनं खरं सांगून टाकलं होतं. घाई होती म्हणून मोबाईलवर पाहून पिठात लिंबू पिळलं, खाण्याचा सोडा घातला, खसाखसा घासलं आणि तसंच दुपारभर तुरीच्या खळ्यावर उन्हात काम केलं. आई तिथेच उभी होती. तिनं सगळं ऐकलं आणि गावात एक शब्द काढला नाही.

"मले काय सांगतं?" आवडाबाई म्हणाली. "मले त्याच दिवशी समजलं. बाजारात सांग."

"माय जित्ती नाही ठेवनार मले."

"मंग तोंड झाकून राय घरी."

योगिनी रडत गेली. आवडाबाईनं तिला हाक मारली नाही.

पुढच्या बाजारी मात्र ती पोरगी आली. भाजीच्या ढिगापाशी उभी राहिली, ओढणी सोडली. गालांवर गुलाबी नवी कातडी आणि कडेला काळपट खपल्या. "काकूनं साधं पीठ देल्लं होतं. लिंबू अन् सोडा मी घातला," ती म्हणाली. आवाज दुकानांच्या चार ओळींपर्यंत गेला. मिरच्या घेत असलेली रुख्मिणी धावत आली आणि तिला दंडाला धरून ओढत घेऊन गेली. आवडाबाईकडे तिनं पाहिलंसुद्धा नाही.

थोड्या वेळानं लिलाबाई पिशवी घेऊन आली. "पुडी देतं काय व? हात लय फाटले."

"तुह्या घरी डाळ नाही काय? दळ अन् लाव. माह्यापाशी फक्त मेथी हाय."

योगिनीचं लग्न उन्हाळ्यात झालं, मानोऱ्याकडच्या मुलाशी. पाहायला आलेल्यांपैकीच तो. गाल बरे होईपर्यंत थांबला होता. पत्रिका शालिग्रामच्या एकट्याच्या नावानं आली. तो जेवून आला आणि बाजेवर टेकत म्हणाला, "वयनी इचारत होती, आवडा काहून नाही आली."

"मंग काय सांगतलं?"

"तब्येत बरी नाही मनलं."

"खोटं कायले सांगतलं?" आवडाबाई म्हणाली. "राग हाय, म्हून नाही आली, असं सांगाचं होतं."