अंगणवाडीलगतची भिंत आणि महापौर

मंडळी, आज जे घडलं ते इथं लिहितेय.

सात रस्ता चौकाजवळच्या आमच्या गल्लीत अंगणवाडीला लागून एक पडीक इमारत आहे. तिची भिंत अंगणवाडीकडं झुकलीय. माझी लेक परी याच अंगणवाडीत जाते.

आज सकाळी महापौर गल्लीत उद्घाटनाला आले होते. मी गर्दीतून पुढं घुसले. म्हटलं, "साहेब, नारळ नंतर फोडा की! आधी ही भिंत बघा."

ते लगेच आले. भिंत बघून त्यांचा चेहराच उतरला. म्हणाले, "ताई, पाडायचा हुकूम आयुक्तांचा असतो. मी फक्त मागं लागू शकतो."

मला रडूच फुटलं. शेजारच्या काकू म्हणाल्या, "मग लागा की मागं! आमी हितंच हाय."

आणि ते खरंच लागले. अभियंते येईपर्यंत फोन लावत काकूंच्या पायरीवर बसून राहिले. तोवर आम्ही बायकांनी सगळी मुलं बुद्धविहारात नेली.

आता भिंतीभोवती दोर बांधलाय. अभियंते उद्या पाडू म्हणालेत. पण संध्याकाळपासून वारा सुटलाय आणि माझं लक्ष सारखं खिडकीबाहेर जातंय.

भिंत पाडायचा हुकूम महापौर देऊ शकत नाहीत, हे मला आजच कळलं. तुम्हाला माहीत होतं का?