काटेवाल्या मामाची एक चांदणी

चूक माझी होती. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे मामाला उगाच कुणी नावं ठेवायला नकोत. मामाने एका सिनेमाला एक चांदणी द्यायला सांगितली होती आणि मी ती थिएटरला देऊन बसलो.

रविवारची सकाळ होती. मामा उजवा पाय स्टुलावर ताणून बसला होता आणि मी त्याच्या मतांचा लेखनिक. फोन त्याचा, मत त्याचं, बोटं माझी. कारण त्याची बोटं इतकी जाड की एक अक्षर दाबलं तर तीन उमटतात. सिनेमाचं पान उघडलं, तेवढ्यात मध्येच एक चौकोन उगवला, 'आमच्या सूचना हव्यात का?' तो बंद करायची फुली मुंगीच्या डोक्याएवढी. ती दाबायला गेलो तर भलतंच पान उघडलं, मागे आलो तर यादी वरखाली सरकली, आणि घाईत मी जिच्यावर बोट ठेवलं ती चांदणी सिनेमाची नव्हती, सिनेमा जिथे लागला होता त्या थिएटरची होती. मजकूर लिहायच्या आत नेट मेलं.

"पोचलं का?" मामाने विचारलं.

"पोचलं," मी न बघताच ठोकून दिलं.

जे पोचलं नाही ते असं होतं : 'नायिका कायमचं घर सोडून निघते. बॅग रिकामी आहे. पुढच्या कशावर विश्वास ठेवावा?'

मामा चाळीस वर्षं वजनकाटे दुरुस्त करतोय. किराणा दुकानातले, भंगारवाल्यांचे, गोदामातले माणूसभर उंचीचे. त्यामुळे पडद्यावर कुणी काही उचललं की याची नजर चेहऱ्यावर जातच नाही, खांद्यावर जाते. "भरलेली बॅग उचलताना माणूस आधी दुसरा खांदा टाकतो. ही बघ, कशी परडी उचलल्यासारखी निघाली. आणि लोक रडतायत!" बाजूला बसून रडणाऱ्यांत पूर्वी मामीही असायची. आता ती त्याच्याबरोबर सिनेमाला जायचं कधीच सोडून बसली आहे. नायकाने नायिकेला उचललं की हा कानाशी कुजबुजतो, "खाली स्टूल असणार." मग काय गाणं ऐकायचं?

संशय हा मामाचा स्वभाव नाही, धंदा आहे. त्याची एक पद्धत आहे. नवा काटा समोर आला की तो पाच किलोचं पितळी वजन आधी मधोमध ठेवतो, आणि मग ते उचलून चारही कोपऱ्यांवर एकेकदा ठेवतो. मधोमध सगळेच काटे खरं बोलतात. लबाडी असली तर ती कोपऱ्यात सापडते. ही पद्धत त्याने संसारातही आणली. डॉक्टरने गोळी दिली की तो चौघांना विचारतो. मामीला बघायला गेला तेव्हाही म्हणे चार ठिकाणी चौकशी केली होती. "चौथ्या ठिकाणी माझीच मावशी निघाली," मामी सांगते. "तिने सांगितलं, मुलगी चांगली आहे, मुलगा जरा चिकित्सक दिसतो."

अशा माणसाच्या हातात इंटरनेट आलं. आता तिथे तर सगळं मधोमधच ठेवलेलं; कोपरे शोधायचे कुठे? बातमी वाचायला गेला की 'कुकीज स्वीकारा' म्हणून पाटी येते. हा नाकारतो. नाकारायला सात पानं खाली जावं लागतं, हा जातो. एकदा त्याने वीस किलोच्या वजनांची किंमत शोधली, तेव्हापासून रोज त्याला पोट कमी करायचं चूर्ण दाखवतात. "यांना माझ्या पोटाबद्दल कोणी सांगितलं?" असं विचारून त्याने मामीकडे रोखून पाहिलं होतं. 'खास तुमच्यासाठी निवडलेलं' दिसलं की तो फोन पालथा घालतो. आणि सिनेमाला दहा हजार लोकांनी पाच चांदण्या दिल्यात म्हटलं की एकच प्रश्न, "यातल्या किती जणांचे गुडघे दुखतात? तिकीट काढून बसलेला माणूस काहीतरी तक्रार करतोच."

गुडघ्याचं त्याला कळतं. सोळा वर्षांपूर्वी एक वजन हातातून निसटलं, तेव्हापासून उजवा गुडघा नीट वाकत नाही. म्हणून सिनेमाला सातव्या रांगेतली कडेची खुर्ची हवी, म्हणजे पाय वाटेत लांब सोडता येतो. महिन्यातून एक सिनेमा, आडवारी, तीनचा खेळ. तिकीटखिडकीवर एक ताई बसतात, गुडघा गेला त्या वर्षापासून त्या ही खुर्ची राखून ठेवतात. तो खिडकीशी पोचायच्या आत तिकीट फाडलेलं असतं. दोघांचं बोलणं म्हणावं तर फार नाही. ताई म्हणतात, "आजचा बरा आहे म्हणतात." मामा म्हणतो, "कोण म्हणतं?" झालं. सोळा वर्षं एवढंच.

यंदा ताईंनी स्वतः खटपट करून थिएटरचं पान नेटवर काढलं. मालकांना हौस नाही, पण लोक आता फोनवर बघूनच घराबाहेर पडतात, आणि रिकाम्या खुर्च्या ताईंना खिडकीतून मोजाव्या लागतात. नेहमीच्या प्रत्येकाला त्यांनी चांदण्या मागितल्या. अकरा जणांनी पाच-पाच दिल्या. मामाला विचारलं तर हा म्हणाला, "मागून घेतलेली चांदणी म्हणजे दुकानदाराने आपल्या काट्यावर स्वतःच मारलेला तपासणीचा शिक्का. बघू."

आणि त्यानंतर दहाच दिवसांत, मामाच्या फोटोसकट, हातात पितळी वजन धरलेल्या हसऱ्या फोटोसकट, एक चांदणी. एकच.

पुढच्या महिन्यात मामा खिडकीशी गेला. तिकीट फाडलेलं नव्हतं.

"सातवी, कडेची," तो म्हणाला. असं सांगायची वेळच त्याच्यावर कधी आली नव्हती.

"कडेची नाही. मधली आहे."

"नेहमीची..."

"मधली आहे. हवी का?"

मामा मधल्या खुर्चीत बसला. पाय कुठे ठेवावा कळेना. पुढच्या माणसाच्या पाठीला बूट लागला, तो वळून बघायला लागला. शेजारणीला जाता-येता दोनदा उठावं लागलं. मध्यंतरात मामा जो उठला तो घरीच आला. बॅग रिकामी असो की भरलेली, शेवट बघितल्याशिवाय हा माणूस आयुष्यात कधी थिएटरातून उठला नव्हता. मामी घाबरलीच. "बरं वाटत नाही का?"

"माझी खुर्ची गेली," मामा म्हणाला, आणि पाय चोळत बसला.

आता गेली कशी? पहिला संशय अर्थातच नेटवर. फोनवरून तिकीट काढणाऱ्यांनी पळवली असणार. पण मग त्याला आठवलं, की खेळ सुरू झाला तेव्हा ती खुर्ची रिकामी होती. मध्यंतरापर्यंत रिकामीच होती. म्हणजे खुर्ची कुणी घेतली नव्हती, याला दिली नव्हती. हे जास्त लागलं. दुसऱ्या दिवसापासून मामाने कोपरे तपासायला घेतले.

पहिला कोपरा थिएटरचा दारवाला. तो म्हणाला, "आम्हाला काय विचारता? तुम्हाला माहीत असायला हवं."

दुसरा कोपरा समोरचा चहावाला. त्याने कप ठेवता ठेवता टोला मारला, "करताना विचार करायचा होता, साहेब."

तिसरा कोपरा मामी. "तुम्हीच काहीतरी बोलला असाल. तुम्ही बोललात की तुम्हाला कळत नाही, समोरच्याला कळतं."

चौथा कोपरा मी. आदल्या संध्याकाळी मी थिएटरचं पान उघडून बघितलं होतं आणि मामाच्या फोटोखाली ती एकच चांदणी दिसली होती. गुपचूप चांदणी पुसायला गेलो तर नको तिथे दाबलं आणि खात्यातूनच बाहेर पडलो. आता पासवर्ड मागत होतं. तेव्हा मामाने विचारल्याबरोबर मी म्हणालो, "नेटवाल्यांचंच काहीतरी असेल मामा. हल्ली कुणाचा भरवसा आहे का?"

मामा माझ्याकडे बघायला लागला. काट्याकडे बघतो तसा, मान जरा तिरपी करून.

"तीन कोपरे एकच सांगतायत, की माझं काहीतरी चुकलंय. तू एकटाच सांगतोस माझं काही नाही. तुझा कोपरा हलका पडतोय, रे."

मी सगळं सांगितलं. मामा ओरडला असता तर बरं झालं असतं. तो एवढंच म्हणाला, "त्या बाईने मागितल्या तेव्हा मी बघू म्हणालो होतो. तिला वाटलं असणार, बघून बघून ही एकच दिली." आणि फोन माझ्यापुढे सरकवला. "काढ."

काढायला बसलो. पासवर्ड आठवेना. 'विसरलात?' म्हटलं, हो. त्याने ओटीपी पाठवला, पण ज्या नंबरावर खातं उघडलं होतं तो नंबर बंद होऊन दोन वर्षं झालेली. मग प्रश्न आला, तुमच्या पहिल्या पाळीव प्राण्याचं नाव काय?

"मी कधी प्राणी पाळला?" मामा म्हणाला.

"खातं उघडताना मीच काहीतरी ठोकून दिलं होतं."

"आठव."

मांजरांची नावं झाली, कुत्र्यांची झाली. मामीने स्वयंपाकघरातून पोपट सुचवला. शेवटी यंत्रालाच शंका आली की आम्हीच यंत्र तर नाही ना. नऊ चित्रं दाखवून म्हणालं, ट्रक असलेली निवडा. मामा चष्मा पुसून पुढे सरकला. काट्यावर चढलेले हजारो ट्रक बघितलेला माणूस.

"हा. हाही. आणि तो कोपऱ्यातला रिकामा आहे, टायर बघ, जरासुद्धा दबलेले नाहीत. रिकामा धरायचा का?"

"मामा, ट्रक म्हणजे ट्रक."

"असं कसं? विचारणाऱ्याचा हेतू काय, ते कळायला नको?"

तो हेतू शोधेपर्यंत वेळ संपली. 'चोवीस तासांनी प्रयत्न करा.' आम्ही चोवीस तासांनी केला, अठ्ठेचाळीस तासांनी केला. चौथ्या दिवशी मामाने शर्ट घातला आणि मला म्हणाला, "चल. पुरावा म्हणून तू पाहिजेस."

दुपारचे अडीच. खिडकीसमोर कुणी नव्हतं. ताई आत नाणी लावत होत्या. वर बघितलं, पुन्हा नाणी.

"ताई, ती चांदणी सिनेमाची होती. थिएटरला चुकून गेली. याने केलं." मामाने मला दंडाला धरून खिडकीच्या भोकासमोर आणलं.

ताईंनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "प्रत्येकाचा एक भाचा असतो," त्या म्हणाल्या. "भिंतीवर पान थुंकलं, भाच्याने. खुर्ची फाडली, भाच्याने. तुमचा निदान दिसतो तरी."

"खरंच मीच केलं, मावशी."

"मावशी कुणाला म्हणतोस?" आणि मामाकडे वळून, "मी मागितल्या तेव्हा बघू म्हणालात. बघितलंत. आता पुसायला आलात कारण पाय दुखला."

हे खोटं नव्हतं. मागे दोन कॉलेजची मुलं येऊन उभी राहिली. ताईंनी त्यांना हातानेच थांबवलं.

"बरं. नेट राहू दे. इथे माझ्या तोंडावर सांगा. थिएटरला किती?"

मी मनातल्या मनात पाच, पाच, पाच म्हणत होतो. हळूच मामाच्या पाठीत बोटही खुपसलं. साधी गोष्ट होती. सोळा वर्षांची खुर्ची एका आकड्यावर अडली होती आणि तो आकडा एका हाताच्या बोटांइतका सोपा होता.

मामाने मान तिरपी केली. खरंच विचार करायला लागला! मागची मुलंसुद्धा ऐकायला लागली.

"तीन," तो म्हणाला.

मी डोळे मिटले.

"डावीकडचा पंखा किरकिरतो, हळू आवाजातलं बोलणं ऐकू येत नाही. त्याची एक गेली. पडद्याच्या खालच्या कडेला डाग आहे, प्रत्येक नायकाच्या बुटावर येतो. त्याची एक. तीन राहतात."

"आणि खिडकीला?"

"खिडकीला पाच. पण खिडकीचं वेगळं द्यायची सोयच नाही तिथे. मी शोधलं."

ताईंनी नाणी बाजूला सारली. मग म्हणाल्या, "पंख्याचं मी मालकांना चार वर्षं सांगतेय." आणि तिकिटांचं पुस्तक ओढून चर्रकन एक फाडलं. सातवी. कडेची.

"पाच म्हणाला असतात ना, तर मधली दिली असती."

मामाने तिकीट उजेडाकडे धरून आकडा तपासला. तपासणारच.

पण ताईही काही कच्च्या नव्हत्या. खिडकीच्या आतल्या बाजूला एक पुठ्ठा टांगलेला असतो, त्यावर खेळांच्या वेळा असतात. त्याच्या खालच्या मोकळ्या जागेत त्यांनी पेन्सिलीने लिहिलं : काटेवाले, तीन चांदण्या बाकी. आणि पेन्सिलीचं टोक भोकातून मामाकडे करून म्हणाल्या, "ती एक पुसायची आणि या तीन लावायच्या. तोंडी हिशोब मी धरत नाही."

याला आता पाच महिने झाले. खातं उघडलेलं नाही. मांजराच्या नावांची माझी यादी चाळिसावर गेली आहे आणि यंत्राला अजून आमच्या माणूसपणाची खात्री पटत नाही. नवं खातं काढून द्यायला मी तयार आहे, पण मामा ऐकत नाही. "एका माणसाची दोन खाती? मग त्या पाचवाल्यांत आणि माझ्यात फरक काय?"

परवा मी त्याच्याबरोबर गेलो होतो. हॉलचं दार उघडं होतं; आतल्या पंख्याला तेल घातलंय, हे मामाच्या बाहेरूनच लक्षात आलं. तिकीट फाडून तयार होतं.

"आजचा बरा आहे म्हणतात," ताई म्हणाल्या.

"कोण म्हणतं?"

"चांदण्या कुठे आहेत?"

"ओटीपी आला नाही," मामा म्हणाला. मग हॉलच्या दाराकडे कान देत, "पण पंखा गप्प आहे. आता चार होतात."

ताईंनी पुठ्ठ्यावरचा तीन खोडून चार केला.