सिद्राची गुटगुटीत लेक

लढाई संपून सहा वर्षं झाली, तरी मनिलातल्या पडक्या तटाला टेकून आमची पत्र्याची घरं उभीच होती. माझ्या शेजारी सिद्रा राहायची. नवरा गोदीत, ही लोकांचे कपडे धुवायची. लेक नेनेंग दहा महिन्यांची, अशी गुटगुटीत की उचलताना कंबर धरायची.

एकदा नळावर विल्यासिस नावाचे चित्रकार आले. लेकीला पाजणारी सिद्रा बघून त्यांचे डोळेच भरून आले. "बाई, उद्या माझ्याकडे या. मला गरीब आई काढायचीय."

सिद्रा गेली, ती न्हाऊन, केसांना खोबरेल चोपडून, माझा चर्चचा झगा घालून. मीही सोबत होते. विल्यासिस मास्तरांनी कपाळाला हात लावला.

"हे काय केलंत? गरिबी कुठाय?"

"घरी ठेवून आले, मास्तर. लोकांकडे जाताना कोण नेतं?"

त्यांनी रंग पुसायचं फडकं तिच्या खांद्यावर टाकलं, केस विस्कटले. "आता दुःखी व्हा."

"कशासाठी?"

मास्तर लेकीकडे वळले. नेनेंग तर खिदळत होती.

"हिला जरा रडवा ना."

"आत्ताच प्यायलीय. दोन तास थांबा, आपोआप रडेल."

त्या चित्राला बक्षीस मिळालं. आम्ही प्रदर्शनात बघायला गेलो, तर हिरवट तोंडाची, बरगड्या निघालेली बाई आणि मांडीवर काडीसारखं पोर! समोर ते विकत घेणाऱ्या, मोत्यांची माळ घातलेल्या एक बाईसाहेब रुमालाने डोळे टिपत होत्या. "किती सोसतात बिचाऱ्या!" मग आमच्याकडे वळून म्हणाल्या, "जरा बाजूला व्हा गं, चित्र दिसत नाहीये."

"चित्रातली मीच आहे, बाईसाहेब. आणि पोर ही. घ्या, धरा."

नेनेंगच्या वजनाने बाईसाहेब वाकल्या. एवढे पैसे मोजून चित्र घेतलं आणि पोर निघालं धडधाकट! फसवल्यासारखं तोंड करून त्यांनी तिला परत दिलं.

मला हसू आवरेना. सिद्रा मात्र रस्त्यात मटकन बसली. "माझा पहिला पोरगा असाच दिसायचा गं. लढाईत. रताळ्याच्या पाल्यावर किती दिवस जगणार? हिला मी तसं होऊ दिलं नाही, आणि या माणसाने करून ठेवलं."

दुसऱ्या दिवशी ती मास्तरांच्या दारात जाऊन बसली. "पोरीचे गाल भरून द्या."

"अहो, चित्र विकलं गेलं!"

"मग नवीन काढा."

दुपारपर्यंत ती हलली नाही. शेवटी त्यांनी वैतागून कागद ओढला आणि कोळशाने पाव तासात नेनेंग काढली. गाल, दंडाच्या वळ्या, सगळं. मग स्वतःच बघत बसले. "छान झालंय. पण हे कुणी घेणार नाही."

"द्यायचंय कुणाला?" सिद्रा म्हणाली.

तिने ते भाताच्या खळीने घराच्या पत्र्यावर चिकटवलं. दोन वर्षांनी वस्ती हटवायला सरकारी ट्रक आले आणि आम्हाला भरून शहराबाहेरच्या चिखलात ओतून गेले. सिद्राने पलंग सोडला, पण तो पत्रा डोक्यावर घेऊन ट्रकमध्ये चढली.